वाडा, आईचे दागिने आणि माळ्यावरची भांडी: किंमत कुणाकडून करून घ्यावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा. वाईत आजोबांचा वाडा आहे. आई गेल्यावर तिचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये तसेच आहेत. माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी, ओटीवर ‘रविवर्म्याची’ म्हणून सांगितली जाणारी दोन चित्रं आणि एक तलवार. भावंडं तिघं: तुम्ही पुण्यात, भाऊ वाईत, धाकटी बहीण न्यू जर्सीत. वाटणी भांडणाशिवाय व्हावी म्हणून या सगळ्याची किंमत करून देणारा जवळपासचा एखादा भरवशाचा माणूस तुम्हाला हवा आहे.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि सातारा जिल्ह्यात 26 वर्षं घर-जमिनीची मूल्यांकनं करते आहे. त्यातली निम्मी तरी वाटणीच्याच निमित्तानं झालेली. त्या अनुभवावरून आधी एक सांगते, म्हणजे पुढची शोधाशोध सोपी होईल: असा ‘एखादा माणूस’ नसतो. वाडा मोजणारा, सोनं पारखणारा आणि जुन्या वस्तू ओळखणारा हे तीन वेगळे व्यवसाय आहेत. तिन्ही मी करतो असं कुणी म्हणाला, तर तो त्यातलं एकच करत असतो आणि बाकी दोन अंदाजानं लिहितो. मी स्वतः दागिन्यांच्या अहवालावर कधीही सही केलेली नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘कोण किंमत करून देईल’ याच्या आधी ‘कशासाठी किंमत हवी’ हे ठरवावं लागतं, कारण एका वस्तूला एकच किंमत नसते. आईच्या पाटल्या सराफाकडे मोडीत घातल्या तर एक रक्कम मिळेल. तशाच पाटल्या नव्यानं घडवायच्या तर घडणावळ धरून दुसरी रक्कम लागेल, आणि विम्याला ती लागते. प्राप्तिकराला 1 एप्रिल 2001 ची किंमत हवी असते, ती तिसरी. वाड्याचंही तसंच. सरकारी दरानं येणारी किंमत, बाजारात मिळू शकणारी किंमत, आणि घाईनं विकावं लागलं तर हाती येणारी किंमत, जी बँका कर्ज देताना बघतात. तुमच्या घरात आज कुणीच काही विकत नाहीये, वाटून घेताहात. म्हणजे तिघांनाही मान्य होईल अशी, एकाच तारखेची बाजारभावाची किंमत तुम्हाला हवी. मूल्यांककाला पहिल्या फोनवर हेच वाक्य सांगा: ‘कौटुंबिक वाटणीसाठी, अमुक तारखेचा बाजारभाव.’ तो लगेच ‘अहवाल किती हवाय?’ असं विचारू लागला, म्हणजे आकडा तुम्ही सांगा आणि मी लिहितो, तर नमस्कार करून फोन ठेवा.

आणि एक नियम, जो मी कुणासाठीही मोडत नाही: जो वस्तू घेणार आहे, त्यानं किंमत ठरवायची नाही. सराफानं फुकट वजन करून दिलं, बिल्डरनं वाडा बघून आकडा सांगितला, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं माळा बघून ‘सगळ्याचे एवढे’ म्हटलं, तर त्या खरेदीच्या बोल्या आहेत. त्यात वाईट काही नाही, पण त्यांना मूल्यांकन म्हणायचं नाही. एका घरात मी वाडा मोजायला गेले, त्याच्या आदल्या आठवड्यात एक व्यापारी येऊन दोन घंगाळं, बंब, लामणदिवे आणि पानाचा कोरीव डबा असं सगळं पितळेच्या मोडीच्या दरानं, तराजूवर टाकून घेऊन गेला होता. घरच्यांना वाटलं, अडगळ गेली. महिन्याभरानं थोरल्या मुलीनं डब्याबद्दल विचारलं आणि तिथून जो अबोला सुरू झाला तो वाटणीपत्रावर सह्या होतानाही सुटला नव्हता. डब्याची किंमत किती होती हे मला आजही माहीत नाही, त्यांनाही कधी कळणार नाही. त्यांचं खरं दुःख तेच होतं.

म्हणून कुणालाही बोलावण्याआधी यादी करा. भाऊ वाईत आहे, तर दोन दिवस तुम्हीही जा आणि बहिणीला व्हिडिओ कॉलवर घ्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक, दोन बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून माप, दागिन्यांचं वजन. कुणाकडून आली, कधी आली, हे घरात जे सांगितलं जातं तेही लिहा. यादीवर तिघांच्या सह्या. आणि काहीही घासू नका. समई चिंचेनं किंवा पितांबरीनं लख्ख केली की ती छान दिसते, पण धातूवर वर्षानुवर्षं चढलेला रंग गेला की जाणकाराला वय सांगणारी खूणच जाते. नाण्यांचं तर यानं थेट नुकसान होतं.

आता वाड्याकडे येते.

जमीन-इमारतीच्या मूल्यांककांच्या आपल्याकडे दोन नोंदण्या आहेत. एक जुनी, 1957 च्या संपत्ती कर कायद्याखालची. तो कर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, पण त्याखाली झालेली मूल्यांककांची नोंदणी प्राप्तिकराच्या कामांसाठी चालत आली आहे. दुसरी कंपनी कायद्याच्या कलम 247 खालची, 2017 च्या नियमांनी सुरू झालेली. ती आयबीबीआय (इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी बोर्ड ऑफ इंडिया) या दिल्लीच्या मंडळाकडे असते. या दुसऱ्या नोंदणीत तीनच वर्ग आहेत: जमीन-इमारत, यंत्रसामग्री, आणि शेअर-रोख्यांसारखी वित्तीय मालमत्ता. दागिने आणि कलाकृती त्यात नाहीत. ते स्वतंत्र वर्ग जुन्या नोंदणीत आहेत. त्यामुळे दागिन्यांसाठी आलेल्या माणसानं आयबीबीआयचं प्रमाणपत्र पुढे केलं, तर ते भलत्याच कामाचं आहे हे तुम्हाला कळेल. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

नावं मिळवायची कशी? आयबीबीआयच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मूल्यांककांची यादी पत्त्यासह आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ व्हॅल्युअर्स ही 1968 पासूनची संस्था आहे, तिचे सभासदही जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पण लहान गावात सगळ्यात उपयोगी मार्ग म्हणजे तुमचं खातं असलेल्या बँकेच्या कर्ज विभागात जाऊन त्यांच्या पॅनेलवर कोण आहे ते विचारणं. एक नाव घेऊ नका, तीन घ्या आणि तिघांशी बोला.

बोलताना फी शेवटी विचारा. आधी विचारा की वाडा कसा मोजणार. मला विचाराल तर वाईसारख्या गावात चार गोष्टींची उत्तरं समाधानकारक आली पाहिजेत. पहिली, कृष्णेची पूररेषा. पाटबंधारे विभागानं आखलेली निळी आणि लाल रेषा वाड्यावरून कुठून जाते, यावर तिथे पुढे बांधकाम किती करता येईल हे ठरतं, आणि बांधता येत नसेल तर पेठेतल्या जागेचाही भाव उतरतो. दुसरी, क्षेत्र कुठून घेणार. घरपट्टीच्या उताऱ्यावरून घेतो म्हणाला तर तो तुमचा माणूस नाही. क्षेत्र सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावरून घ्यायचं आणि जागेवर टेप लावून पडताळायचं. तिसरी, भाव कशावरून काढणार. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे, तो दर वर्षी 1 एप्रिलला लागू होणाऱ्या तक्त्यातून मिळतो. बाजारभाव त्याच्या वर असू शकतो तसा खालीही. खरा आधार म्हणजे आसपास झालेल्या खरेदीखतांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे सारांश-उतारे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये ते तुम्हाला स्वतःलाही बघता येतात. त्यावरचे आकडेही पूर्ण खरे असतीलच असं नाही, म्हणून स्थानिक माणूस लागतो, ज्याला कुठला व्यवहार घरातल्या घरात झाला आणि कुठला उघड बाजारात, हे माहीत असतं. चौथी गोष्ट भाडेकरू. त्याबद्दल शेवटी लिहिते.

दोन वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्याच एका गावातला अहवाल माझ्याकडे तपासायला आला. बाहेरगावच्या मूल्यांककानं एका दुपारीत घरपट्टीवरून क्षेत्र घेऊन, चौरस फुटाच्या दरानं गुणून पंधरा पानं भरली होती. मागच्या चौकाचा तुकडा सिटी सर्व्हेला चुलत्यांच्या नावावर होता. म्हणजे ज्या भावानं वाडा ठेवून बहिणीला पैसे द्यायचे ठरवलं होतं, तो नसलेल्या जागेचे पैसे देणार होता. अहवालात फोटो, शिक्का, सही सगळं होतं. फक्त कुणी मालमत्ता पत्रक उघडून बघितलं नव्हतं.

जुन्या वाड्यात इमारतीची किंमत बहुधा फार निघत नाही. भेंड्याच्या विटा, माती-चुन्याच्या भिंती, शंभर वर्षांचं वय. घसारा लावला की जागेचीच किंमत उरते. पण लाकूड विसरू नका. सागवानी खांब, तुळया, कडीपाट, कोरीव चौकटी, झोपाळ्याच्या पितळी कड्या यांचा स्वतंत्र हिशेब अहवालात मागा. ‘पाडून, राडारोडा उचलून देतो, त्या बदल्यात लाकूड आमचं’ असा सौदा पाडकाम करणारे हमखास घालतात. पाच खणांच्या सोप्यातलं सागवान बघितलंत तर हा सौदा कुणाच्या फायद्याचा ते ध्यानात येईल. आणि पाडताना भिंतीत किंवा जमिनीत नाणी-दागिने सापडले, तर ते घरचे म्हणून वाटून घेता येत नाहीत. 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

दागिने.

आधी हक्काचं बोलते, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज दिसतो. आईचे दागिने आईचे होते. तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल तर ते मुलगे, मुली आणि वडील हयात असतील तर वडील, अशा सगळ्यांना सारखे येतात. ‘सून म्हणून हिला’ किंवा ‘मुलगी म्हणून तिला’ हे तुम्ही प्रेमानं ठरवू शकता, पण ते सगळ्यांच्या संमतीनंच.

आता मोल. यात तीन कामं असतात: निव्वळ वजन, शुद्धता, आणि खडे-मोत्यांची पारख. शुद्धतेसाठी सराफाकडे जायची गरज नाही. भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकाचे जुने दागिनेही तपासून मिळतात. ही सोय जाहीर झाली तेव्हा चार नगांपर्यंत 200 रुपये आणि पाच किंवा त्याहून जास्त असतील तर नगाला 45 रुपये, असा दर होता. जवळचं केंद्र ब्युरोच्या संकेतस्थळावर शोधता येतं. ते शुद्धतेचा लेखी अहवाल देतात आणि त्यांना तुमचा दागिना विकत घ्यायचा नसतो, म्हणून मला तो मार्ग आवडतो. अलीकडे घेतलेला एखादा दागिना असेल तर त्यावर एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख-क्रमांक असेल. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय सोन्याचे हॉलमार्क दागिने विकता येत नाहीत. आईच्या लग्नातल्या दागिन्यांवर मात्र तो असणार नाही, आणि नाही म्हणून ते हलके ठरत नाहीत.

यंत्राची मर्यादा समजून घ्या. एक्स-रे फ्लुरोसन्सचं यंत्र, ज्याला सगळे ‘टंच काढायचं मशीन’ म्हणतात, ते दागिन्याचा वरचा पातळ थरच वाचतं. टाक्याच्या जागी ते कमी दाखवेल, वर मुलामा असेल तर जास्त. म्हणून एका नगावर दोन-तीन ठिकाणी घ्यायला सांगा. अचूक उत्तर आगीच्या कसोटीनं मिळतं, पण त्यात थोडं सोनं कापून घ्यावं लागतं. वाटणीसाठी तेवढं करायची गरज सहसा पडत नाही.

आपल्या जुन्या दागिन्यांचा खरा घोळ वजनात असतो. बोरमाळेचे मणी, ठुशी, कोल्हापुरी साजाची पानं, पोकळ पाटल्या यांत आत लाख असते. काट्यावर माळ घसघशीत भरते, सोनं त्यात पत्र्याएवढंच. उलट एखादे गोठ किंवा तोडे भरीव निघतात. माझ्या ओळखीच्या दागिन्यांच्या मूल्यांकक बाई प्रत्येक नगापुढे तीन रकाने ठेवतात: एकूण वजन, वजा काय काय, निव्वळ सोनं. ‘वजा’चा रकाना अंदाजे असेल तर तसं स्पष्ट लिहितात. असा तक्ता मिळाला की भावंडांचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

जुन्या वहीत आईनं किंवा आजीनं तोळ्यांत वजनं लिहून ठेवली असतील तर सांभाळून वाचा. जुना तोळा 12 माशांचा, म्हणजे 96 गुंजांचा, सुमारे 11.66 ग्रॅम. आज बाजारात तोळा म्हणजे 10 ग्रॅम. ‘वहीत 5 तोळे, काट्यावर 58 ग्रॅम, मग आठ ग्रॅम वाढले कसे?’ असा संशय एका घरात आला होता आणि दागिना बदलला की काय इथपर्यंत गोष्ट गेली होती. काही बदललं नव्हतं. तसंच, आई-वडिलांचं लग्न साठच्या दशकातलं असेल तर एखादा नग 14 कॅरेटचा निघाला तरी सराफानं फसवलं असं लगेच म्हणू नका. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणात त्याहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी आली होती आणि ती उठायला काही वर्षं गेली.

मोत्यांचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या यांतले मोती सराफ मोडीत घेताना वजा करतो, त्यांचे पैसे देत नाही. त्यामुळे घरात समज होतो की मोत्यांना किंमत नसते. आजी-पणजीच्या काळातले मोती आखातातून आलेले नैसर्गिक, ज्यांना आपण बसरा म्हणतो, असू शकतात. संवर्धित जपानी मोती बाजारात भरपूर आले ते विसाव्या शतकात. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, फरक क्ष-किरणांत कळतो. मुंबईत जीआयए या अमेरिकन रत्नसंस्थेची प्रयोगशाळा आहे, जयपूरला रत्न-दागिने निर्यात परिषदेची रत्नं तपासणारी प्रयोगशाळा आहे. प्रत्येक नथीसाठी एवढं करायची गरज नाही. पण नथ पिढ्यान्‌पिढ्यांची असेल, मोती थोडे वेडेवाकडे, पिवळसर झाक असलेले असतील, तर प्रयोगशाळेची फी ही वाया जाणारी रक्कम नाही. पुतळ्यांची माळ असेल तर तीही वितळवू नका. काही घरांत त्या खऱ्या व्हेनिसच्या मोहरा असतात, साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ शुद्ध सोन्याच्या. त्यांचं मोल नाणेशास्त्राच्या जाणकारानं करायचं असतं. घरोघरी आढळणाऱ्या बहुतेक पुतळ्या इथल्याच घडणीच्या आहेत, हेही खरं.

आता माळा आणि ओटी.

इथे तुम्हाला थोडं निराश करावं लागेल. पितळेचे हंडे, तांब्याची सतेली, मापटी-चिपटी, अडकित्ते हे सगळं जुनं आहे, पण नुसत्या वयाला किंमत येत नाही. घरोघरी असलेल्या वस्तूला मोडीच्या भावापेक्षा थोडंच जास्त मिळतं. किंमत येते ती घडणीला, दुर्मीळपणाला आणि कुणाची, कुठून आली याच्या पुराव्याला. म्हणून वस्तूंच्या बाबतीत आधी ओळख, मग किंमत, असा क्रम ठेवा. ओळखीसाठी जाणकार लोक पुण्यात आहेत: राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, पानाचे डबे यांचा एवढा संग्रह आहे की तुमचे फोटो घेऊन अर्धा दिवस तिथे फिरलात तरी काय साधं आणि काय वेगळं हे नजरेला कळू लागेल. पोथ्या-कागदपत्रं निघाली तर भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर संस्था आहेत. संग्रहालयं वस्तू काय आहे ते सांगू शकतात, पैशातली किंमत मात्र त्यांच्याकडे मागू नये. किमतीसाठी मुंबईची लिलावगृहं आहेत: चित्रं आणि कलावस्तूंसाठी सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स, अस्तागुरू, नाण्यांसाठी टोडीवाला. फोटोवरून प्राथमिक मत मिळू शकतं आणि त्यांच्या जुन्या लिलावांचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर वाचता येतात. लिलावगृहालाही तुमची वस्तू विक्रीला हवी असते, तेव्हा वरचा नियम तिथेही लक्षात असू द्या. ‘अँटिक तज्ज्ञ’ ही पाटी लावायला कसलाही परवाना लागत नाही, हेही.

ओटीवरची चित्रं बहुधा ओलिओग्राफ, म्हणजे छापील असतील. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला; तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचल्या. भिंगातून बघा: छपाईचे बारीक ठिपके दिसले तर छापील. खालच्या कडेला छापखान्याचं नाव असतं, ते कधी चौकटीखाली दडलेलं असतं, पण ते शोधण्यासाठी स्वतः चौकट उसकटू नका. साडीवर जर-टिकल्या चिकटवलेल्या असतील तर ती खराबी समजू नका, हौशीनं तशी चित्रं सजवायची पद्धतच होती. छापील असलं तरी जुन्या, चांगल्या प्रतीला मागणी आहे. लॅमिनेशन मात्र कुणाच्याही सांगण्यावरून करू नका.

वस्तूंच्या बाबतीत कायदा किमतीवर थेट परिणाम करतो, म्हणून एवढं लिहून ठेवा. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित हे पुरावशेष ठरतं. घरात ठेवता येतं, पण दगड-धातूची शिल्पं, हातानं रंगवलेली चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि खासगी व्यक्तीला कुठलाच पुरावशेष परदेशी नेता येत नाही. म्हणजे तुमच्या बहिणीच्या वाट्याला आजीच्या देवघरातली जुनी मूर्ती आली, तर ती तिची असेल पण न्यू जर्सीला जाणार नाही. वस्तू जुनी दिसते पण तेवढी जुनी नाही, असं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घेऊन मगच न्यावी. हस्तिदंताची डबी, वाघाचं कातडं, सांबरशिंग असं काही निघालं तर वन्यजीव कायद्यानं ते विकता येत नाही. वाटणीच्या यादीत त्याची किंमत शून्य धरा आणि कागदपत्रांसाठी वनविभागाला विचारा. तलवारीबद्दल आधी पोलीस ठाण्यात, मग व्यापाऱ्याकडे. ठासणीची बंदूक निघाली तर हात न लावता पोलीस ठाण्यातच.

कर आणि फी थोडक्यात. वारसानं मिळालं म्हणून आपल्याकडे कर नाही. मृत्यूनंतरच्या इस्टेटीवरचा कर 1985 मध्ये गेला. कर येतो पुढे विकाल तेव्हा. वाडा 2001 च्या आधीपासून घरातला असल्यानं 1 एप्रिल 2001 ची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते, पण ती त्या दिवशीच्या सरकारी दरानं येणाऱ्या किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणून वाड्याच्या अहवालात आजच्या किमतीबरोबर ही 2001 ची किंमतही आत्ताच मागून घ्या. शिवाय 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीतल्या नफ्यावर 12.5 टक्के दर आहे. त्याआधी मिळालेल्या घर-जमिनीला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्याय आहे, पण तो निवासी भारतीयांनाच. म्हणजे एकाच वाड्याच्या सारख्याच हिश्श्यावर तुम्हा दोघा भावांचा आणि बहिणीचा कर वेगळा येऊ शकतो. ‘सारखी वाटणी’ म्हणताना हे सीएकडून समजून घ्या, नाहीतर ती बिचारी सही करेल आणि पुढे तिला कमी पडेल.

फी आधी लेखी ठरवा. संपत्ती कराच्या नियमांत नोंदणीकृत मूल्यांककाच्या फीला टप्प्याटप्प्यांची कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आत मी एकरकमी आकडा सांगते, म्हणजे किंमत फुगवण्यात माझा काही फायदा आहे असं कुणाला वाटायला नको. फी तिघांनी सारखी द्यावी आणि अहवाल तिघांच्या नावे असावा. एकानं पैसे दिले की दुसऱ्याला तो अहवाल ‘त्यांचा’ वाटतो. हाती आलेल्या अहवालात कशासाठी, कोणत्या तारखेला, कुणाच्या समक्ष पाहणी झाली, क्षेत्र किंवा वजन कशावरून घेतलं, भाव कशावरून काढला, नोंदणी क्रमांक, आणि या मालमत्तेत माझा काही हितसंबंध नाही असं निवेदन, एवढं तरी असायला हवं. भाव कशावरून काढला हे नसेल तर मी तो अहवाल परत पाठवीन.

आता भाडेकरू. वाड्यात कुणी राहतं का, पुढच्या खोलीत दुकान आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जुना भाडेकरू असेल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला बहुतेक असतं, आणि तेवढ्या भागाची किंमत मोकळ्या जागेसारखी धरताच येत नाही. भावाला सांगून सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढून घ्या, आजोबांनंतर त्यावर कुणाकुणाची नावं लागली आहेत ते बघा, आणि भाडेपावत्या असतील तर सर्वांत जुनी कोणत्या सालची आहे ते कळवा. त्यानंतर वाड्यासाठी कुठल्या प्रकारचा मूल्यांकक शोधायचा आणि त्याला काय काय विचारायचं, हे तुम्हाला नेमकं सांगता येईल.